इलेक्ट्रोडवरचं मीठ

प्रिय परेश,

फोनवर हे बोलता येत नाही, कारण बाबा स्पीकर लावायला लावतात आणि शेजारीच बसतात. म्हणून पत्र. आळस न करता शेवटपर्यंत वाच.

माझं काम तुला ठाऊक आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड तांब्याच्या इलेक्ट्रोडवर सोडायचा, वीज द्यायची आणि प्लॅस्टिकसाठी लागणारा वायू काढायचा. अडचण एकच होती. इलेक्ट्रोडच्या बारीक छिद्रांत मीठ धरायचं, छिद्रं बुजायची आणि सगळं ठप्प. गेल्या वर्षी बाबांना पनवेलची लॅब दाखवायला नेलं, तेव्हा असाच एक वाया गेलेला इलेक्ट्रोड टेबलावर होता, पाठीवर पांढरा थर धरलेला. मी खजील झाले आणि बाबांचा चेहरा असा उजळला, की मिठागर गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "मीठ पिकला गो," म्हणाले. चिमूटभर कागदात बांधून घरी आणलं, देवापुढे ठेवलं, नारळ फोडला. हंगामाचं पहिलं मीठ निघालं की आजोबा करायचे तसंच. जासई गावभर सांगून झालं, आमची पोर हवेतून मीठ पिकवते.

ते मीठ म्हणजे माझं नापास होणं आहे, हे मला सांगवेना. आपल्या मिठागरावर आता कंटेनर उभे आहेत. तिकडे पाठ करून दिवस काढणारा माणूस रोज संध्याकाळी दारात उभा राहू लागला. "आज पिकला काय?" मग मी पर्समधून पुडी काढायची. चाखायचं नाही, एवढी तंबी दिली आहे.

दिवाळीनंतर माझा नवा इलेक्ट्रोड जमला, परेश. मिठाचा कण धरत नाही. लॅबमध्ये पेढे वाटले, घरी मी एकही आणला नाही. कोपऱ्यात जुन्या इलेक्ट्रोडचा सेल मी गुपचूप चालू ठेवला आहे, फक्त पुडीसाठी. ज्या मिठाशी इतकी वर्षं भांडले, तेच आता जपून वाढवते आहे. घरी यश सांगता येत नाही, लॅबमध्ये पुडी सांगता येत नाही. फार कोंडल्यासारखं होतं.

लॅबच्या सरांना ती जागा हवी आहे. सोमवारी जुना सेल मोडीत जाईल. तू शनिवारी पुण्याहून ये. तू काही बोलू नकोस, मीच सांगेन. फक्त मी सांगत असताना बाबांच्या शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.

तुझीच,
कीर्तीताई