पेटी माझी, तारा हारुनच्या

मी, आत्माराम काशीराम मेस्त्री, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गिटार बनवणे, राहणार रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं ऑपरेशन झालं असलं तरी हात कापत नाही, हे अक्षरावरून दिसेल. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. पत्नीने 'जरा सौम्य लिहा' एवढं सांगितलं; त्याला दडपण म्हणता येत नाही आणि ते मी ऐकलेलंही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. विनीत वकिलांनी छापील मसुदा दिला होता, पण त्यात कोणाला काय एवढंच होतं, का ते लिहायला जागा नव्हती. म्हणून तो परत केला.

१. राहतं जांभ्याचं घर मी स्वकमाईने बांधलं. ते माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. राही हिचं. तिच्यानंतर मुलगी योगिनी व मुलगा ओमकार यांनी समान वाटून घ्यावं. पडवीतला झोपाळा मी केलेला आहे, तो विकू नये. बँकेत जे काही असेल तेही राहीचं. तिने ते मुलांच्या सांगण्यावरून कशात गुंतवू नये.

२. पावसची हापूसची कलमं वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिली होती. ती ओमकारला द्यावीत. तो मुंबईत चांगल्या नोकरीला आहे आणि मे महिन्यात न चुकता येतो. गिटारला तो 'प्रॉडक्ट' म्हणतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यावर राग धरण्याइतका तो माझ्या कामाच्या जवळ कधी आलाच नाही.

३. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतला गाळा, त्याच्या भाडेपट्ट्याचे हक्क, यंत्रं, साचे, रचून ठेवलेलं सगळं लाकूड आणि माझी पटाशी-रंधा ही हत्यारं योगिनीला द्यावीत. ती आता माझ्याइतकीच चांगली पेटी बांधते. पेटी म्हणजे गिटारचं पोकळ अंग. फणसाच्या फळ्या तिने पुरत्या सुकल्याशिवाय हातात घेऊ नयेत. आपल्याकडच्या हवेत लाकूड पाणी पितं आणि मग वर्षभर कुरकुरतं. माझी हत्यारं तिने कोणालाही उसनी देऊ नयेत. 'कोणालाही' म्हणजे कोणाला, हे तिला माहीत आहे.

४. हारुन अब्दुल्ला होडेकर, राहणार राजिवडा, रत्नागिरी, यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारा विसरला.

हारुन आणि मी शाळेत एका बाकावर होतो. माझे वडील दारं-खिडक्या करायचे, त्याचे आजोबा होड्या बांधायचे. शाळा सुटल्यावर तो बहारीनला गेला आणि ऊद दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात लागला. ऊद हे अरबांचं फुगीर पोटाचं तंतुवाद्य. इकडे माझ्याकडे एका मास्तरांची मान तुटलेली गिटार आली. ती उघडून मी आतल्या बारीक पट्ट्या पाहिल्या आणि पुन्हा दारं-खिडक्यांत माझं मन लागलं नाही. दोन वर्षं लाकूड फुकट घालवून मी माझी पहिली गिटार केली. हारुन सुट्टीवर आला तेव्हा हौसेने त्याला दाखवली. त्याने एकदा तारांवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "आत्म्या, ही बोलाया बघताय, नि तू तिचा गळा आवळलायस." मग त्याने तारा काढल्या, तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासली, मानेवरचे परदे कानशीने एका पातळीत आणले आणि तारा परत चढवल्या. गिटार वाजली. घरातले सगळे बाहेर आले. त्यांनी हारुनकडे पाहिलं.

हे असं सुरू झालं आणि असंच चालू राहिलं. तो बहारीन सोडून आला आणि आम्ही माझ्या नावावर गाळा घेतला. लाकूड निवडायचं, सुकवायचं, कडा तापवून वाकवायच्या, पट्ट्या बसवायच्या, सरस धरेपर्यंत जीव मुठीत घ्यायचा, पॉलिश करायचं, हे सगळं माझं. महिने जायचे. तारा चढवायच्या आणि वाजती करायची हे हारुनचं. एक दुपार जायची. आणि लोक म्हणायचे, हारुनभाईच्या हातची गिटार. पेटीच्या आत माझ्या नावाचं लेबल असायचं, पण लेबल कोण वाचतो? माणसं तार ऐकतात.

योगिनीसुद्धा. लहानपणी गाळ्यावर आली की ती त्याच्याजवळ बसायची. तो तार पिळायचा आणि ही पेटीला कान लावून डोळे मिटायची. मी हाक मारली तर म्हणायची, "बाबा, तुमच्या अंगाला भुसा आहे." भुसा होता, हे खरं. तिला जे ऐकू येत होतं ते त्याच भुशातून आलं होतं, हे तेवढ्याशा पोरीला मी कसं सांगणार?

मग मुंबईचे एक नामांकित वादक आले. नाव लिहीत नाही, ते अजून वाजवतात. माझ्या शिसवी गिटारवर त्यांनी बराच वेळ वाजवलं आणि उठून थेट हारुनच्या पाया पडले. हारुन म्हणाला, "अहो, ह्याच्या पण पडा, पेटी ह्याची हाय." तेव्हा ते माझ्याकडे वळले. लग्नात 'हे मुलीचे मामा' असं सांगितल्यावर माणूस जसा वाकतो, तसे वाकले.

दुसऱ्या दिवशी मी हारुनला सांगितलं, "यापुढे तारा मी लावणार."

तो म्हणाला, "लाव की."

भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने आपल्या कानशी पिशवीत भरल्या आणि निघाला. योगिनी तेव्हा कॉलेजात होती. तिने त्याची पिशवी उचलली आणि स्टॉपपर्यंत पोचवून आली. माझं सामान तिने असं कधी उचललेलं मला आठवत नाही.

५. योगिनीविषयी आणखी लिहिणं भाग आहे, कारण गाळा तिला देतोय तो सगळं माहीत असून देतोय, हे ओमकारला कळावं.

हारुन गेल्यावर मी तारा चढवलेल्या पहिल्या दोन गिटार परत आल्या. तार परद्याला लागून झणझणते, अशी तक्रार होती. मी पावसाळ्याला दोष दिला. त्यानंतर मात्र एकही परत आली नाही. उलट फोन यायला लागले. 'मेस्त्री, काय गोड झालीय!' मी मनात म्हटलं, बघ हारुन. ते मी पुढची कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. गिऱ्हाइकाकडे माल पाठवायचं काम योगिनीकडे होतं.

तीन वर्षांपूर्वी चिपळूणचं एक गिऱ्हाईक खुंटी तुटली म्हणून गिटार घेऊन आलं. मी तार सोडवली. तारेचं टोक मी खुंटीवर वरून गुंडाळतो. हे टोक खालून नेऊन स्वतःच्याच वेढ्यात दाबलेलं होतं, होडीचा दोर बांधतात तसं. सगळ्या रत्नागिरीत असं एकच माणूस करतो. मी उठलो आणि पाठवायला बांधून ठेवलेल्या गिटार एकेक करून उघडल्या. सगळ्यांच्या तारा तशाच होत्या.

योगिनीला बोलावलं. "ह्या तारा कोणी लावल्या?"

ती खोटं बोलली नाही. "हारुनकाकांनी. तुम्ही लावलेल्या मी काढायचे आणि त्यांच्याकडे न्यायचे."

"कधीपासून?"

"दुसरी परत आली तेव्हापासून. तिसरी आली असती तर तुम्ही काम सोडलं असतं, बाबा."

"आणि तो तयार झाला? नाव माझं होणार हे माहीत असून?"

"त्यांचीच अट होती. म्हणाले, आत्म्याला कळता नये."

माणसाने उपकार करावेत आणि वर ते लपवूनही ठेवावेत, यापेक्षा मोठा अपमान मला माहीत नाही. मी तिला म्हटलं, "म्हणजे ज्याला लोक गोड म्हणत होते तो आवाज त्याचा." ती म्हणाली, "तुमच्या दोघांचा. तुम्ही एकमेकांशी बोलत नाही, म्हणून मला ने-आण करावी लागते."

तो अख्खा पावसाळा मी तिच्याशी बोललो नाही. पुढे ऑपरेशन झालं तेव्हा हारुन दवाखान्यात आला होता. मी झोपल्याचं सोंग घेतलं. योगिनी संत्रं सोलत होती. पहिली फोड तिने त्याला दिली. माझे डोळे पूर्ण मिटलेले नव्हते.

तरी गाळा तिचाच. माझ्याशी इतकी वर्षं खोटं वागायला किती माया लागत असेल, त्याचा हिशेब मी दवाखान्यात पडल्या पडल्या करून पाहिला. तो लागला नाही.

६. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व व्यवस्था विनीत वकिलांनी पाहावी. माझे दिवस साधेपणाने करावेत. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर हारुनला बोलायला उभं करू नये. तो चांगलं बोलतो आणि मला उत्तर देता येणार नाही.

७. घरात माझ्या खोलीत भिंतीवर एक गिटार आहे. तिचं कलम मी आधी वेगळं लिहिलं होतं. ते काल संध्याकाळी फाडलं, आज हे नवं लिहितो.

खुंट्यांवरून सगळं कळल्यानंतर मी ती एकट्याने केली. पावसच्या बागेतला फणस वादळात पडला होता, पाठ आणि कडा त्याच्या. आयुष्यभरात मी याहून चांगली पेटी केलेली नाही. ती योगिनीसाठी आहे. तिला तारा नाहीत. मी लावल्या तर मुलगी काढणार, आणि हारुनकडे दिली तर गिटार त्याची होणार. म्हणून मी तशीच टांगून ठेवली. आधीच्या कलमात मी लिहिलं होतं की ही योगिनीला मिळावी, मात्र हारुनने हिला कधीही हात लावू नये. विनीत वकील म्हणाले, "अट टिकायची नाही, मेस्त्री. आणि टिकली, तर मुलगी मुकी गिटार घेऊन काय करील?" मी म्हटलं, असू दे. मग ते म्हणाले की दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार नसलेलं बरं.

हे मला फार आवडलं. मी ताबडतोब हारुनला निरोप पाठवला.

तो काल आला. केस सगळे गेलेत, काठी घेऊन चालतो. "काय रे," म्हणाला, "मराया टेकलास म्हणं?"

"तुला सही करायला बोलावलंय. गप्पा मारायला नाही."

त्याचं लक्ष नव्हतं. तो भिंतीकडे बघत होता. न विचारता त्याने गिटार उतरवली, मांडीवर आडवी घेतली, बोटाच्या पेराने मधोमध वाजवून पाहिलं, कडेला वाजवून पाहिलं, मग पाठीला कान लावून बसला. राहीने चहा आणला. चहावर साय धरली तरी हा तसाच.

"ही कुणासाठी?" त्याने विचारलं. मी चहा त्याच्यापुढे सरकवला.

"आत्म्या, एक सांगू? तू मला काढलंस ना, त्या वर्षी मी पण पेटी केली व्हती. म्हटलं, ह्याला दाखवतो. होडीवाल्याचा नातू मी, लाकूड वाकवायला मला काय कुणी शिकवायचं! तारा चढवल्या नि पोटात फाटली. दुसरी केली. ती फाटली नाय, पण डबा वाजतो तशी वाजायची. घरातल्यांनी चुलीत घातली. नि त्याच आठवड्यात योगिनी तुझी पेटी घेऊन आली. मी तारा लावल्या, नि ती अशी वाजली… मला जेवण गेलं नाय. जळत व्हतो. दर टायमाला जळायचो. तार काय, शिकला तर कुणी पण लावील. पेटी कुठनं आणायची?"

मला ते पुन्हा ऐकायचं होतं. मी म्हटलं, "काय म्हणालास?"

"ऐकू येत नाय काय तुला?"

"कमी येतं," मी म्हटलं. मला स्वच्छ ऐकू येतं. त्याने पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, जरा मोठ्याने. राही तोंडाला पदर लावून आत गेली.

इतकी वर्षं मी समजत होतो की या गाळ्यात जळणारा मी एकटाच. त्याला माझ्याइतकंच जळताना ऐकून माझ्या छातीतलं काहीतरी जागेवर बसलं, जे ऑपरेशनने बसलं नव्हतं. हे फार चांगल्या माणसाचं लक्षण नसेल. पण खरं आहे.

म्हणून आता असं लिहितो. ही गिटार योगिनीची. तिला तारा हारुनने चढवाव्यात. हे त्याला दिलेलं काम आहे, मिळकत नव्हे, त्यामुळे त्याच्या साक्षीला बाध येत नाही, असं विनीत वकिलांचं मत आहे. त्याच्यासारखा तारा लावणारा मी पाहिलेला नाही. हे मी त्याला काल बोललो नाही, आज तो सहीला येईल तेव्हा आणि पुढेही बोलणार नाही. साक्षीदाराला मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना पाहायची असते, तेव्हा हे त्याला माझ्या माघारी योगिनीने वाचून दाखवावं.

तारांसाठी मात्र मी मरेपर्यंत थांबणार नाही. मृत्युपत्रात अशी गोष्ट लिहीत नाहीत हे मला कळतं, पण लिहिल्याशिवाय माझ्या हातून होणार नाही. येत्या गुरुवारी सकाळी हारुनने आपल्या कानशी आणि तारा घेऊन घरी यावं; एवढा निरोप योगिनीने त्याला द्यावा. योगिनी त्याच्या शेजारी बसेल, ती बसणारच. मी पडवीत बसेन. मधलं दार कोणी लोटून घेऊ नये.

हे सर्व मी लिहिलं, स्वतः मोठ्याने वाचलं आणि राहीला ऐकवलं. ती म्हणाली, सौम्य नाही, पण चालेल. खाली सही करतो.

(सही) आत्माराम काशीराम मेस्त्री

आत्माराम मेस्त्री यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही दोघांनी त्यांच्या व एकमेकांच्या समोर.

साक्षीदार
१. (सही) हारुन अब्दुल्ला होडेकर, राजिवडा, रत्नागिरी. मजकूर वाचायला मागितला, दिला नाही.
२. (सही) डॉ. महरीन फुजैल काझी, रत्नागिरी. आज मी यांना तपासलं. शुद्धीवर आहेत, नाडी ठीक आहे, ऐकू उत्तम येतं.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५