बेचाळीस नंबरचा शर्ट

प्रिय ताई,

आधी कानात हेडफोन घाल, मगच पुढे जा. तुझ्या फोनमधल्या मशीनबाईला पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायची हौस, आणि आपल्या काकांचे कान किती लांब आहेत ते मी तुला काय सांगायचं? घातलास? बरं.

पहिली बातमी म्हणजे मी अजून त्याच नोकरीत आहे. चार महिने झाले! आईला सांग, चक्कर येऊन पडेल. ऑनलाइन कपडे विकणारी लहानशी कंपनी आहे, तीन खोल्या आणि मागे गोदाम. मी आलो पार्सलं बांधायला. इथल्या वॉचमनची कुत्री रिकाम्या खोक्यात झोपते, एकदा तिला चिकटपट्टी लावून मी जवळजवळ रवानाच केली होती. पण ते राहू दे, मुद्द्यावर येतो.

पार्सलवर छापलेला तक्रारीचा नंबर कुणालाच उचलायचा नसायचा, म्हणून तो फोन माझ्या टेबलावर आला. रोज तेच रडगाणं. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांचे हात थरथरतात. त्या म्हणाल्या, बँकेचा कोड टाइप करेपर्यंत तुमचं पान बंद होतं, माझ्याशी शर्यत लावलीय का रे? दुसऱ्या एका माणसाला दिसत नाही. तो म्हणाला, पान नुसतं म्हणतं काहीतरी चुकलं. बायको सांगते चुकलेला चौकोन लाल झालाय, आता मी लाल कुठून आणू? हे ऐकताना मला तूच आठवलीस. जन्मापासून दिसत नाही, पण घरातलं सगळं सामान तूच मागवायचीस. कापड कुठलं, माप काय, पत्ता काय, सगळं मशीनबाईला विचारून झटपट. पैसे भरायचं पान आलं की मात्र गाडी अडायची आणि मला फोन यायचा, भिंगरी, कुठे उलथलायस, चल पैसे भर. मी असेन त्या बसस्टँडवर बॅगेवर बसून तुझ्या पासवर्डनं आत शिरायचो आणि भरायचो. खरं सांगू, मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मी मालकीणबाईंना सांगितलं की आपलं पान लोकांना दारातून परत पाठवतं. आमचा प्रोग्रामर, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तो म्हणाला, पॅकिंगवाल्यांनी पॅकिंग करावं. मग मी पैज लावली. त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, माउस खिशात घातला, मशीनबाई चालू केली आणि म्हटलं, एक मोज्यांचा जोड घेऊन दाखव. त्यात काय, म्हणून बसला. मशीनबाई सुरू झाली, बटण, बटण, चित्र एकशे सात, बटण. चित्र एकशे सात म्हणजेच पैसे भरायचं बटण, हे त्या बिचाऱ्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं! पाऊण तासात त्यानं मोजे घेतले नाहीत, पण लहान बाळांच्या टोप्या नऊ वेळा टोपलीत टाकल्या. शेवटी घाम पुसत ओरडला, कुणी बनवलंय रे हे? सगळं ऑफिस त्याच्याकडेच बघायला लागलं. त्यानंच बनवलं होतं.

त्या दिवसापासून चष्मा माझा दोस्त झाला. आम्ही माहिती भरायच्या प्रत्येक चौकोनाला नाव दिलं, ते आता टाइप करायला लागलं तरी पुसलं जात नाही. चुकलं तर काय चुकलं ते शब्दांत सांगतं आणि थेट त्या चौकोनात नेऊन सोडतं. वेळ संपत आली की आणखी हवा का म्हणून विचारतं. माउसशिवाय अथपासून इतिपर्यंत जाता येतं. तुझा भाऊ दहावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला, पण आता त्याच्या सहीशिवाय इथलं पान पुढे सरकत नाही. हसू नकोस.

पण एक चूक मी केलीच. उत्साहाच्या भरात चष्म्याला म्हटलं, पैसे भरायच्या आधी सगळी ऑर्डर आपोआप मोठ्यानं वाचली जाऊ दे, म्हणजे कुणाची फसगत नको. त्या शिक्षिकांनाही हल्ली नीट दिसत नाही म्हणून त्यांना तपासायला बोलावलं. त्यांनी स्वतःला हवं ते निवडलं आणि मशीनबाईनं भरल्या ऑफिसात खणखणीत आवाजात वाचलं, आतले कपडे, रंग, माप, सगळं. बाई लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, बाळा, मला मदत कर, पण मी काय घेते ते गावभर कशाला सांगतोस?

ताई, ही चूक मी दुसऱ्यांदा करत होतो.

तुला आठवतंय. पाच वर्षांपूर्वी, सगळे जेवायला बसलेले, तू फोन माझ्या हातात दिलास आणि कानाशी येऊन म्हणालीस, एवढे पैसे भर. आणि मी गाढवानं मोठ्यानं वाचलं, पुरुषांचा शर्ट, निळा, बेचाळीस नंबर. काका लगेच म्हणाले, आपल्या घरात बेचाळीस कोण? मी तर अठ्ठेचाळीस! सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. तू म्हणालीस, चुकून दाबलं गेलं, काढून टाक. मी काढून टाकला. तुझ्या ऑफिसातले ते, तुला संध्याकाळी फाटकापर्यंत सोडायला येणारे आणि बेल न वाजवता नुसते खोकणारे, दोन महिन्यांत यायचे बंद झाले. मी काही विचारलं नाही. बॅग उचलली आणि निघालो. इतकी वर्षं मनाला सांगत आलो की दोष त्या पानाचा. पान वाईटच होतं गं, पण मोठ्यानं वाचलं मी.

आता आमची मशीनबाई मागितल्याशिवाय टोपलीतलं वाचत नाही. सोमवारी नवं पान सगळ्यांसाठी सुरू झालं.

आणि काल आई फोनवर सहज बोलून गेली की हल्ली संध्याकाळचं फाटकाशी पुन्हा कुणीतरी खोकतं. म्हणून हे पत्र. आधी पासवर्ड बदल, जुना मला पाठ आहे. मग दार लावून आमच्या पानावर जा. निळा रंग अजून आहे, बेचाळीसही आहे, आणि पाच वर्षांत माणूस सुटला असेल तर पुढचे नंबरही आहेत. मी आता पॅकिंगला नाही, तेव्हा काय घेतलंस ते मला कळायची सोय नाही, आणि तूही सांगू नकोस. फोन मात्र करत जा. आता कामाशिवाय करावा लागेल, एवढंच.

तुझाच,
भिंगरी