धुतलेली मुळं

प्रिय ताई,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही जवळजवळ गेलाय. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

कामाचं विचारलं होतंस. एकेका कुंडीत आम्ही दोन गवतं लावतो, एक इथल्या कोरड्या माळावरचं, एक बाहेरून आलेलं. पाणी अगदी घोटभर द्यायचं आणि कोण कोणाला पुरून उरतं ते बघायचं. माळावरचं दिसायला मरतुकडं, पण मुळांशी मातीतले बारीक जीव असतात, ते त्याला ओल पुरवतात. त्यावरच ते तग धरतं.

गेल्या महिन्यात मी घोळ घातला. नव्या कुंड्यांतली माती भाजलेली असते, तिच्यात ते जीव उरत नाहीत, म्हणून रोपं जुन्या मातीसकट हलवायची. मी मुळं नळाखाली लख्ख धुतली. आपल्या घरचं वळण, दुसरं काय! माळावरची चाळीसच्या चाळीस रोपं गेली. बाहेरचं गवत मात्र तरारलं. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, ती घाण नव्हती." मला पुढे ठेवतील असं वाटत नाही.

आई जेवते का? तुझ्याकडे आणल्यापासून ती गप्पच असते, असं भाऊजी फोनवर म्हणाले. तिचं जुनं घर आवरून तिला तुझ्याकडे आणायचं आपण दोघांनीच ठरवलं, तुझ्या एकटीवर बोल नाही. नवी खोली, नवं अंथरूण, तू सगळं मनापासून केलंस. फक्त तिची ती कळकट गोधडी अजून टाकली नसशील, तर तिच्या पायांवर घाल.

आणि ताई, धुऊ नकोस.

तुझा,
धाकटा