बाबांच्या खुर्चीत धुरपता

कामठा, रविवार

प्रिय गुड्डू,

परवा फोनवर तू विचारलंस, दुकान कधी रिकामं करतेस, मोबाइलवाला भाडेकरू थांबला आहे. मी ‘पाहू’ म्हटलं आणि भाजी करपते म्हणून फोन ठेवला. भाजी चुलीवर नव्हतीच. फोनवर तू घाईत असतोस, आणि तुझी घाई ऐकून मीही घाई करते. म्हणून लिहिते आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचू नकोस, खोलीवर गेल्यावर वाच.

तुझे बाबा जाऊन दोन वर्षं होतील. दुकान मी आठवड्यातून एकदा झाडते. आरसा पुसते, बाबा गिऱ्हाइकांची दाढी करायचे त्या खुर्चीचं चाक फिरवून पाहते, गंजू नये म्हणून. मी वाचायला शिकले ती याच दुकानातल्या पेपरवर. दिवसभर गिऱ्हाइकांनी चुरगळलेला पेपर बाबा संध्याकाळी घरी आणायचे आणि मी चुलीपुढे एकेक अक्षर लावत बसायची. पण बाबा असताना दुकानात मी कधी बसले नाही. गावातली कोणतीच बाई तिथली पायरी चढली नाही. चहाचा कपसुद्धा मी उंबऱ्यावरून द्यायची.

पावसाळ्यानंतर फुलचूरची एक दातांची डॉक्टर गावात येऊ लागली. आचल नाव, तुझ्यापेक्षा लहान असेल. एक संस्था तिला पाठवते. स्कूटीवर दोन पेट्या बांधून येते. तपासणं, दात काढणं, भरणं, सगळं फुकट. मला वाचता येतं म्हणून तिनं माझ्याकडे वही दिली. कोणाचा दात दुखतो ते घरोघर विचारून लिहायचं. गुड्डू, पहिल्या गल्लीतच अर्धी वही भरली. आपल्या बाया दात दुखला की हिरडीवर गुडाखू घासतात. त्यातल्या तंबाखूनं जरा बधिर होतं, की लागल्या धानाच्या रोवण्याला. शेजारच्या धुरपताचा गाल तर लिंबाएवढा सुजला होता आणि ती दिवसातून सहा वेळा गुडाखू घासत होती.

पहिलं शिबिर मी ग्रामपंचायतीत ठेवलं, आणि तिथंच चुकले. मला वाटलं, मोठी जागा, मान राहील. केशोराव भाऊजींना पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. ते धुरपताचे सासरे, हे मला कळायला नको होतं? बावीस बाया आल्या, पदर तोंडात धरून भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच उठून गेल्या. सासऱ्याभासऱ्यांपुढे जी बाई तोंडावरचा पदर काढत नाही, ती आ करून दाढ कशी दाखवेल? पुढच्या बुधवारी दोघी आल्या. आचल मला म्हणाली, काकू, अजून एक बुधवार पाहते. कोणी आलं नाही तर संस्था ही फेरी दुसऱ्या गावाला देईल.

त्या दिवशी मी धुरपताकडे पाहिलं. सूज जबड्याखाली उतरू लागली होती. ही सूज मी आधी पाहिली आहे, तुलाही माहीत आहे कुठं. घरी आले, किल्ली घेतली आणि दुकान उघडलं. दाराला माझी जुनी हिरवी साडी पडदा म्हणून लावली. आचलनं खुर्ची मागे कलवली, डोक्याची उशी वरखाली केली आणि हसली. म्हणाली, काकू, ही तर आमच्या दवाखान्यातल्या खुर्चीची मोठी बहीण आहे.

बुधवारी बाया रांगेनं आल्या. केशोराव भाऊजी पारावरून ओरडले, ‘काऊन वो, आता बायाबी दाढी कराले जाऊन राहिल्या का?’ धुरपता तर सासऱ्याला उत्तर देऊ शकत नाही. रांगेतल्या वयस्कर शकुंतलाबाईंनी दिलं, ‘तुमच्या तोंडात एक तरी दात हाय का भाऊ? मंग गप बसा ना.’ पारावरची माणसं इतकी हसली की भाऊजी विडी पेटवायची विसरले.

धुरपता खुर्चीत बसली तेव्हा तिनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. आचलनं पू काढला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुढच्या बुधवारी दाढ काढली. आता तिची सूज गेली आहे. काल मला म्हणाली, ‘काकू, मी दोन्हीकून जेवून राहिली.’ आतापर्यंत एकतीस बाया त्या खुर्चीत बसून गेल्या. ज्यांचं इथं होत नाही त्यांना मी आचलसोबत गोंदियाला नेते. तेव्हा मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांग. खुर्ची भंगारात जायची नाही.

पण एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. बाबांची दाढ ठणकत होती तेव्हा त्यांनी तुला फोन केला होता, नागपूरला नेशील का म्हणून. तू म्हणालास, दात दुखून कोणी मरते का, पुढच्या महिन्यात सुट्टी काढतो. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला त्याच रात्री कळलं होतं. बाबांनीच हसत सांगितलं होतं. लग्नसराई संपल्याशिवाय त्यांनाही दुकान सोडून नागपूरला जायचं नव्हतं. आणि त्याआधी दोन आठवडे त्यांच्या दाढेवर रोज सकाळी गुडाखू कोण घासत होतं? मी, या बोटानं. आचलला मी सगळं विचारलं. ती म्हणाली, काकू, शुगरच्या माणसाला ही सूज फार लवकर गळ्यात उतरते, घरच्यांना कळत नाही. बाबांची तशीच उतरली आणि ते गेले. तुला कळलं नाही, मला कळलं नाही, त्यांनाही नाही. तू खुर्ची भंगारात घाल म्हणतोस ते कशासाठी, हे मला समजतं. वर्षश्राद्धाला आलास तेव्हा दुकानाकडे पाठ करून बसलास. आणि जेवताना प्रत्येक घास डावीकडेच चावत होतास. तुझी उजवी दाढ तेव्हापासून दुखते आहे, गुड्डू. वहीत येत्या बुधवारच्या पानावर पहिलं नाव तुझं लिहिलं आहे. सुट्टी काढून ये. हात धरायला मी आहे.

तुझीच,
आई