वहीत नावं तीनशे अठ्ठ्याऐंशी

प्रिय आयलीताई,

आर्मसचा नमस्कार. फ्लोरिडाच्या उन्हात तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल, अशी आशा आहे. इकडे पहिला बर्फ पडून गेला, सौनाची चूल नुसता धूर ओकतेय. माझी तब्येत ठणठणीत आहे. अब्रूची मात्र जरा नाजूक आहे. वर्तमानपत्राचं कात्रण तुला कुणीतरी धाडेलच (चांगली बातमी कळवायला इथे कुणाला सवड नसते), तेव्हा आधी माझ्याकडून ऐक.

तुला ठाऊकच आहे, मी काउंटीच्या मतपडताळणी मंडळावर आहे. दोन माणसं आपल्या पक्षाची, दोन त्यांची, आणि मध्ये कॉफीचा थर्मास. निवडणुकीनंतर चौदा दिवसांत प्रत्येक केंद्राची वही उघडायची, वहीत मत द्यायला आलेल्यांची नावं किती आणि मोजणीयंत्राने गिळलेल्या मतपत्रिका किती ते जुळवायचं, आणि सही करायची. आमचा कागद राज्याकडे जातो, राज्याचा वॉशिंग्टनला, तेव्हा कुठे या देशाला राष्ट्राध्यक्ष मिळतो. अकरा वर्षं मी ही सही एका हातात मांस-कांदा भरलेली पेस्टी धरून केली. कागदावर कांद्याचे डाग पडले, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

यंदा आपला माणूस राज्यात हरला आणि वेंडलचा फोन आला. (वेंडल म्हणजे आपल्या पक्षाचा इथला अध्यक्ष आणि छत्तीस वर्षं माझ्याबरोबर हरणाच्या शिकारीला येणारा गडी. त्याला नाही म्हणायची मला सवय नाही.) म्हणाला, एक जरी आकडा चुकला ना आर्मस, तर पेन खिशातच ठेव. आपला कागद अडला की राज्याचा अडेल. आयुष्यात पहिल्यांदाच वॉशिंग्टनचं माझ्यावाचून अडणार होतं. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी दाढी दोनदा केली.

आणि आकडा चुकला! तोही आपल्याच गावच्या केंद्राचा. वहीत नावं तीनशे अठ्ठ्याऐंशी, मतपत्रिका तीनशे सत्त्याऐंशी. ही वही म्हणजे शाळेत तुझ्या बाकावर बसणाऱ्या सायमाची. बत्तीस वर्षं ती टाउन हॉलमध्ये त्याच खुर्चीवर बसते, दोरीने बांधलेली पेन्सिल घेऊन. आम्ही तिला बोलावलं. तिने बोट ठेवत ठेवत तीनदा मोजलं, आणि मी उठून भाषण ठोकलं. एक मत चोरणारा उद्या देश चोरील, वगैरे. चार लोकांसमोर, वार्ताहरासमोर, मी त्या बाईला विचारलं, “मत गेलं कुठे?”

सायमा म्हणाली, “नावं बरोबर आहेत. मत कुठे गेलं ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही.” मग चष्मा काढून पुसला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी हॉलची किल्ली एका पाकिटात आली. चिठ्ठी नव्हती.

आमच्या मंडळात त्यांच्या पक्षाची बर्निस आहे, जन्मभर शाळेची बस चालवलेली. तिने मला पोरासारखं झापलं. “तुझं मत तू केंद्रावर देऊन आलास ना? मग इथे परत कसलं देतोस? इथे फक्त बेरीज आहे. जुळत नसेल तर कारण लिही, संशय असेल तर फेरमोजणी माग, कोर्टात जा. सही अडवायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही, बाबा!” मी म्हटलं, ते मत सापडेपर्यंत आर्मसचं पेन हलणार नाही. सोमवारपर्यंत बैठक तहकूब झाली. (तहकूब होणारच होती. शुक्रवारी शिकारीचा मोसम उघडत होता, आणि त्या दिवशी इथे बारसंसुद्धा कुणी ठेवत नाही.)

शुक्रवारी पहाटे मी मचाणावर बसलो. परवाना जवळ आहे ना म्हणून नारिंगी कोटाच्या मागच्या खिशात हात घातला. परवाना होता. त्याच्यामागे एक पुठ्ठ्याचं पाकीट होतं, मत झाकून न्यायला केंद्रावर देतात तसलं. आत मतपत्रिका होती. माझी.

मतदानाच्या दिवशी मचाण दुरुस्त करून मी त्याच कोटात थेट केंद्रावर गेलो होतो. मतपत्रिका यंत्रात सरकवायची, तिथे रुडी बसला होता. त्याने विचारलं, गेल्या वर्षीच्या हरणाची शिंगं केवढी होती रे? आता तूच सांग, शिंगं दाखवायला दोन्ही हात मोकळे लागतात. पाकीट खिशात गेलं, शिंगं जरा वाढवून दाखवली, ‘मी मत दिलं’चा स्टिकर छातीवर चिकटवला आणि घरी आलो. देश चोरणारा तो मीच. समोर आठ टोकांच्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघून गेला. मी बंदूक उचलली नाही.

आमच्या शिकारीच्या खोपटात येऊन वेंडलला दाखवलं. त्याने चुलीचं झाकण उघडलं. “टाक आत. कारण सापडलं नाही तर सहीही नाही.” मी म्हटलं, आणि सायमा? तो म्हणाला, “सायमाचं वय झालंय. लोक तेच समजतील.” आयली, इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. वेंडलची नव्हे, माझी. कारण चारचौघांत ते समजायला लोकांना मीच शिकवलं होतं.

सोमवारी मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभं राहून सगळं सांगितलं, शिंगांसकट. केंद्राबाहेर गेलेलं मत मोजता येत नाही. त्यांनी ते न उघडता सीलबंद केलं. फरकाच्या कारणात लिहिलं, ‘मतदार मतपत्रिका घेऊन निघून गेला,’ आणि पुढे माझं नाव. मग मी सही केली. वेंडलने खोपटातली त्याची कॉफीची किटली नेली. छत्तीस वर्षं ती त्या खुंटीवर होती. मला वाईट वाटतं, पण पुन्हा तशीच सही करायची वेळ आली तरी करीन.

तुझा भाऊ,
आर्मस

ता. क. मचाणावर मी ती मतपत्रिका उघडून पाहिली होती. ग्रंथालयाच्या करावरचा कौल, शाळेचं मंडळ, सगळे गोल नीट भरलेले. राष्ट्राध्यक्षाचा तेवढा कोरा. शांतपणे शेवटी भरू म्हणून ठेवला होता, तेवढ्यात रुडीने हाक मारली. हे वेंडलच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

ता. क. दुसरा. मी सायमाच्या दारी तीनदा जाऊन आलो. ती कॉफी देते, केक देते, किल्ली घेत नाही. तुझा शब्द ती मोडणार नाही. फोन कर आणि सांग, पुढच्या खेपेला वहीपाशी नको, यंत्रापाशी बस. आर्मसवर लक्ष ठेवायला माणूस लागतं, हे आता सरकारी दप्तरात नोंदलेलं आहे.