मंजुळाने सही केली का?

प्रिय मामा,

मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. भातगिरणीत कोंड्याची पोती मोजत होतो, तेवढ्यात मुंबईच्या एजंटबाईंचा ईमेल आला. लेखकाची कादंबरी प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या या चौथ्या. त्यांचाही नकार. ‘वाचक गुंतत नाही. नायिकेला पहिल्याच प्रकरणात मुंबईला आणलंत, तर पुन्हा पाठवा.’

मोजणी चुकली. एरवी मी पहिल्यापासून मोजतो. आज पाठकोऱ्या पावतीवर तुला लिहायला बसलो.

वाचक गुंतत नाही? कशेळ्याच्या स्टँडवर तुझी जीप भरेपर्यंत तू माझी प्रकरणं मोठ्याने वाचायचास, ते या बाईंना कोण सांगणार? नायिकेचा भाऊ फार्महाऊससाठी जमीन विकतो आणि तिच्याकडे, मंजुळाकडे, हक्कसोडपत्रावर सही मागतो, तिथे तू वही मिटलीस. भाजीवाल्या हिराबाई केवढ्या चिडल्या!

“गाडी भरली गं मावशे,” तू म्हणालास.

“भरली तं भरली. ती सही करते का नाय, तेवडं सांग आन मग गाडी काड.”

“मला तरी कुठं ठावं हाय? भाच्यानं पुढचं दिलंच नाय.”

खरंच दिलं नव्हतं. शेवटचं प्रकरण तयार होतं, मामा. मी त्यातल्या वेलांट्या तपासत होतो. तिसऱ्यांदा. तू दोनदा मागितलंस, मी दोनदा ‘रविवारी देतो’ म्हणालो. तो रविवार यायच्या आत तू गेलास; पुढच्या रविवारी तुझा दहावा होता.

तूही जरा दटावायचं होतंस ना मला! दहावी नापास पोराचं लिखाण म्हणून एवढं कशाला जपलंस?

काल हिराबाई गिरणीत आल्या. “मामा गेला तं गोष्ट पन गेली का रं?” मी पोत्याचं तोंड शिवत राहिलो.

उत्तर आज सापडलं. एजंटबाईंना कळवलं: मंजुळा कशेळ्यातच राहील. पाचव्या एजंटला एक ओळही न बदलता कादंबरी पाठवतो आहे.

तुझी जीप आता तुझा मुलगा गणेश चालवतो. स्टँडवर वाचू का, म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, “वाच, पन भाड्याचा खोळंबा नको.”

चारचौघांत माझा आवाज कापतो, तुला माहीत आहे. कापू दे. उद्या सकाळी स्टँडवर शेवटचं प्रकरण मी वाचणार. मंजुळाचं काय झालं, ते हिराबाईंबरोबर तूही ऐक. आणि गणेशने कितीही हॉर्न वाजवला, जीप भरली, तरी मी वही मिटणार नाही.

तुझा भाचा,
संदेश