विभागप्रमुखांमार्फत

सोमवार, १२ नोव्हेंबर १९७३
पोचले. कराडहून एसटीने अकरा किलोमीटर, मग उसाच्या गाड्यांमागून पायी पाव तास. ट्रंक एका गाडीवानाने गाडीत टाकली आणि वर एक कांडे ऊसही दिला. कॉलेज नवे आहे. ड्रॉइंग विभागात मी सहायक निदर्शक, आणि सगळ्या कॉलेजात नोकरीवरची बाई मी एकटीच. झाडलोट करणारी हरणाबाई धरली तर दोघी. खोली दहा बाय नऊ, खिडकी पूर्वेला. सांगलीच्या वसतिगृहात अशा खोलीत आम्ही तिघी होतो. आज पाय पसरून झोपणार.

बुधवार, १४ नोव्हेंबर
नकाशांच्या निळ्या प्रती काढायचे काम माझ्याकडे आले. हे काम मला आवडते. गच्चीवर काचेची चौकट आहे. तिच्यात खाली निळ्या प्रतीचा कागद, वर पारदर्शक कागदावर शाईने काढलेले ट्रेसिंग. उन्हात आठ मिनिटे ठेवायचे, मग हौदात धुवायचे. पाण्यात कागद निळा होतो आणि रेषा पांढऱ्या उमटतात. हौद साडेतीन फूट खोल, पाणी स्वच्छ.
पहिल्या प्रतीवर खाली उजव्या कोपऱ्यात पांढरा पंजा आला. काचेवर हात राहिला की तिथे ऊन लागत नाही, कागद पांढरा राहतो. चूक माझीच असणार. काच पुसली.

शनिवार, १७ नोव्हेंबर
काच दोनदा पुसली, उन्हात असताना चौकटीपासून तीन फूट लांब उभी राहिले. तरी पंजा आला. बुधवारी कडेपासून चार सेंटिमीटर होता, आज नऊ.
मोजला. लांबी साडेपंधरा. माझा सतरा. अनामिकेचे वरचे पेर नाही.
विभागप्रमुखांना प्रत दाखवली. सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणतात. त्यांनी पंजाकडे पाहिले नाही. माझ्या हाताकडे पाहिले, आणि बोटे छान आहेत म्हणाले.

मंगळवार, २० नोव्हेंबर
झाले ते क्रमाने लिहिते. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी कागद कापायला अंधाऱ्या खोलीत गेले. आप्पासाहेब मागून आले. आतून कडी घातली. मला भिंतीशी दाबले, तोंडावर हात ठेवला, दुसरा हात पदराखाली. मी ढकलत होते, ते हलत नव्हते. मग दाराबाहेर बादली फरशीवर आपटली, पुन्हा आपटली, थांबेचना. त्यांनी कडी काढली. सगळे मिळून चार मिनिटे, फार तर पाच.
हरणाबाई बादली घेऊन उभी होती. माझा पदर तिने नीट केला. ते आत शिरले की ती बादली वाजवते, रोज. म्हणाली, "दुसरं काय करू, बाई? माझ्या हातात बादलीच हाय."
दोनदा अंघोळ केली.

बुधवार, २१ नोव्हेंबर
प्राचार्यांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितले, चहा मागवला, शांतपणे ऐकले. लेखी द्या म्हणाले. मी लेखीच नेले होते. त्यांनी ते वाचून हळूच परत सरकवले. वर 'विभागप्रमुखांमार्फत' ही ओळ नाही, नियमाने तशी लागते. मार्फत नसलेला अर्ज म्हणजे शिस्तभंग, आणि माझी नोकरी नवी.
चौकीतल्या हवालदाराने कॉलेजचे पत्र आणायला सांगितले.
ओळ घातली. कोंडीबा शिपाई अर्ज घेऊन गेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

गुरुवार, २२ नोव्हेंबर
आप्पासाहेबांनी बोलावले. दार उघडे ठेवले होते. आवाज अगदी साधा. टेबलाचा खण ओढून माझा अर्ज दाखवला, आणि त्याखालचा एक जुना, पिवळा पडलेला. सही: हौसा. वर तीच ओळ. सगळे अर्ज शेवटी इथेच येतात, म्हणाले. खण सावकाश बंद केला.

शनिवार, २४ नोव्हेंबर
हौसाचे विचारले तेव्हा हरणाबाईने झाडू भिंतीला टेकवला. मग सांगितले. रहिमतपूरकडची पोर, पहिल्या वर्षाची, दोन वर्षांमागची. लय हुशार. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात बोटाचे पेर गेलेले. अर्ज दिला आणि आठव्या दिवशी गच्चीवरच्या हौदात सापडली. पाय घसरला असे लिहिले गेले.
साडेतीन फूट पाणी. मी पट्टीने मोजले आहे.
हरणाबाई म्हणाली, "तवा मी बादली वाजवली न्हाई. भ्याले. म्हनून आता वाजवते."

सोमवार, २६ नोव्हेंबर
झोप नाही. खोलीत फेऱ्या घालते. दारापासून खिडकी चार पावले, परत चार. दुसऱ्यांदा लिहिलेला अर्जही खणात जाईल. पंचवीस निळ्या प्रती खणात मावणार नाहीत.
साताऱ्याला कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन पोच देतात. कोंडीबाने सांगितले, भिंतीकडे बघत. पण वर 'मार्फत' असले आणि खाली त्या साहेबाची सही नसली, की कागद परत करतात.
ट्रेसिंग केले. चार परिच्छेद, तारखा, वेळा, हौसाचे नाव. शाई वाळल्यावर बघते तर वर ती ओळ मी लिहूनच ठेवली होती. शाळेपासून हात तसाच वळलाय.
हरणाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "खोडा की ती वळ." मी नियम सांगितला. ती हसली. "नियम त्येंचाच न्हवं?"
ब्लेड हातात घेतले. खरवडवले नाही. नोकरी गेली तर कडेगावला घरी आबांना काय —

मंगळवार, २७ नोव्हेंबर
आज आठवा दिवस. पण तो प्रसंगापासून; अर्जापासून मोजला तर सातवा, म्हणजे आठवा उद्या. दोनदा मोजले.
आप्पासाहेब जिन्यात भेटले. उद्या दुपारी गच्चीवर काम आहे का, विचारले.
मी हो म्हणाले. का म्हणाले —
प्रतींवरचा पंजा आता वर सरकलाय. कागदाच्या मध्यावर.

बुधवार, २८ नोव्हेंबर. गच्ची
१२.०५. पहिली प्रत उन्हात. मी हात मागे बांधून उभी.
१२.१३. धुतली. पंजा वरच्या टोकाला. आडवा. 'विभागप्रमुखांमार्फत' एवढीच ओळ त्याच्याखाली गेली, पांढऱ्यात पांढरी. बाकी अक्षर न् अक्षर स्वच्छ.
मी खोडलेली नाही. पण हीच पाठवणार. हा निर्णय माझा.
१२.४०. तीन प्रती, तिन्हीवर तसेच. एक ओलीच हरणाबाईने पोटाशी धरली, वरून हिरवा पदर. एकची साताऱ्याची एसटी. जाताना म्हणाली, "पोच घेतल्याबिगर येत न्हाई." बादली जिन्याखाली ठेवून गेली.
१.०५. फाट्यावरून एसटी निघालेली दिसली. हिरव्या पदराची बाई खिडकीत. गेली. आता खणाचा उपयोग नाही.
१.१२. जिन्यात पावले. त्यांचीच.
१.१४. वर आले. जिन्याच्या दाराला कडी घातली. प्रती मागतात. मी लिहिते आहे. वेळा टिपते असे त्यांना वाटते.
एक प्रत गेली, असे मी सांगितले. कुठे, ते नाही.
ते जवळ — मी हौदाच्या या बाजूला, ते त्या —
१.१६. खाली बादली आपटली. पुन्हा. थांबत नाही.
हरणाबाई एसटीत आहे. मी पाहिले तिला.
त्यांनी ऐकले. जिन्याकडे वळले.
हौदाच्या काठावर ओला पंजा. माझे दोन्ही हात कोरडे, एकात पेन्सिल. साडेपंधरा, मोजायला नको. अनामिका आखूड.
ते हौदाकडे पाठ करून उभे आहेत. त्यांना अजून दिसले नाही.
आता दुसरा पंजा. काठावर. पाणी अजिबात हलत ना—